पाठीवरचा पाऊस

पुणे शहरात वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. रेल्वेने पश्चिमेकडे 64 किलोमीटर गेलं की लोणावळा येतं आणि तिथे हाच आकडा 4,000च्या पुढे जातो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांमधलं भात याच पावसाच्या जिवावर पिकतं. भाताची लावणी करायची ती आर्द्रा-पुनर्वसूच्या कोसळत्या पावसात, रोपं तरारलेली असतानाच. त्याला दुसरा मुहूर्त नाही. म्हणजे ज्या दिवसांत माणसाने चुलीपाशी बसावं, त्याच दिवसांत सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत गुडघाभर चिखलात वाकून राहायचं. मावळातल्या किल्ल्यांवर आणि लेण्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्या वाकलेल्या पाठीवर पडणारा पाऊस माणसाने कसा अडवला, हा इतिहासही मला लोहगड-विसापूरच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो.

पावसात चार पावलं चालून घरी परतणाऱ्याची गरज वेगळी आणि दिवसभर पावसात राबणाऱ्याची वेगळी. राबणाऱ्याला बाहेरचं पाणी आत नको असतं, पण अंगाचा घाम आणि वाफही बाहेर जायला हवी असते. वाकताना, वळताना, ओझं उचलताना वस्त्राने अडवून चालत नाही. आणि एवढं करून भिजायला झालंच, तर ऊब टिकायला हवी. या चारही अटी एका वस्त्रात बसवणं फार अवघड आहे. गेल्या दोनशे वर्षांत जगभरच्या रसायनतज्ज्ञांनी त्यावर डोकं चालवलं. मावळच्या शेतकऱ्याकडे मात्र त्याच्या खूप आधीपासून यातल्या बऱ्याचशा अटी पुऱ्या करणारं एक वस्त्र होतं, आणि ते मेंढीच्या अंगावरून यायचं.

घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. ही मेंढी बहुतांशी काळी, लोकर जाडीभरडी, मऊ मेरिनोच्या तुलनेत राठ. धनगरांनी मेंढरं धुऊन कातरायची, लोकर पिंजायची, बायकांनी सूत काढायचं आणि सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचं, अशी ही कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. विणण्याआधी ताण्याला खळ लावतात ती चिंचोक्यांची. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेला तो चिकट लगदा कुंच्याने सुतावर फिरवला की विस्कटलेले केस खाली बसतात आणि सूत मागावर टिकतं. म्हणूनच नवी घोंगडी हाताला कडक लागते. वापरून वापरून ती अंगासरशी होते.

आता या सुताकडे जरा जवळून पाहू. लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले. त्यांच्या बाहेरच्या बाजूला स्निग्ध आम्लाचा अगदी पातळ थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो. मेंढीच्या अंगचं तेल धुतल्यावर निघून जातं, हा थर साध्या धुण्याने जात नाही. त्यामुळे पावसाचा थेंब केसावर पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतो. केसाचा गाभा मात्र बरोबर उलट वागतो. त्याला पाण्याची वाफ प्रिय. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा एवढी ओल लोकर पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. शिवाय ही ओल शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेर टाकते. थेंब बाहेर, वाफ आत, आणि वर थोडी ऊब, असं हे काम घोंगडी शतकानुशतकं करत आली.

ताणाचंही तसंच. कोरडा लोकरीचा केस जवळपास 30 टक्के ताणला जातो आणि सोडला की पुन्हा मूळ लांबीवर येतो. ओला असेल तर त्याहून जास्त ताणतो. याचं कारण 1930च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्सच्या विद्यापीठात विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी क्ष-किरणांनी शोधायला घेतलं. ताणलेल्या आणि न ताणलेल्या लोकरीची चित्रं वेगवेगळी येत होती. केसातला प्रथिनाचा रेणू गुंडाळलेला असतो आणि ताणल्यावर तो उलगडतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या गुंडाळीचा नेमका आकार 1951मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. प्रथिनांच्या रचनेचं आधुनिक शास्त्र उभं राहिलं, त्याचा एक पाया लोकरीच्या केसात आहे. आडव्या-उभ्या धाग्यांनी विणलेली घोंगडी अंगावर खेचली, खांद्यावर आवळली तरी फाटत नाही, यामागे हीच गुंडाळी आहे.

पुरुष घोंगडीची खोळ करत. लांबीच्या एका टोकाची कड मधोमध दुमडायची, तिचा टोकदार कोपरा डोक्यावर चढवायचा आणि उरलेली घोंगडी पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत सोडायची. औत धरायला, गुरं वळायला दोन्ही हात मोकळे. तिचे दोषही सांगायला हवेत. दिवसभराच्या झडीत शेवटी ती पाणी धरतेच, आणि मग तिचं ओझं मानेला जाणवतं. श्रावणापर्यंत उन्हाचं तोंड दिसत नाही, म्हणून ती चुलीवरच्या वलणीवर धुरात वाळवायची. त्या धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास ज्याने घेतला आहे, त्याच्या तो कायमचा लक्षात राहतो.

लावणी करणाऱ्या बायकांना घोंगडी सोयीची नव्हती. ओणवं राहून रोप लावताना ती पुढे घसरते, चिखलात लोळते. त्यांच्यासाठी इरलं होतं. बांबूच्या कांबट्यांची जाळी विणायची, दोन जाळ्यांच्या मध्ये पळसाची किंवा सागाची पानं दाट दाबून बसवायची आणि ते सगळं वाकवून डोक्यापासून कमरेच्या खाली येईल असं पाठीवर घ्यायचं. उभं राहिलं तर इरलं अवघड वाटतं. त्याचा घाट वाकलेल्या शरीरासाठीच ठरलेला आहे. पाठ आणि इरलं यांच्यामध्ये हवा खेळते, घाम कोंडत नाही, आणि बाई सरकेल तसं तेही सरकतं. ज्या कोणी हा घाट पहिल्यांदा बसवला, त्या कारागिराला लावणीचं काम अंतर्बाह्य ठाऊक होतं.

पावसाळ्यात मोहिमा थांबत, दसऱ्याला सीमोल्लंघन होई, हा जुना शिरस्ता. पण तो नेहमी पाळता येत नसे. 12 जुलै 1660च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले आणि भर आषाढात विशाळगडाकडे निघाले, तेव्हा सोबत हिरडस मावळातले बांदल होते. चिखलाच्या निसरड्या वाटेवरून, रात्रभर, पालखी खांद्यावर घेऊन ते धावले. हे बळ कुठून आलं याची उत्तरं निष्ठेत आहेतच. पण लहानपणापासून प्रत्येक पावसाळा उघड्यावर काढलेली ती शरीरं होती, हेही त्या उत्तरात धरायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या पावसाशी एका निराळ्याच फौजेची गाठ पडली. जानेवारी 1856मध्ये जी.आय.पी. रेल्वेने बोरघाटाच्या चढणीचं काम हाती घेतलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली, ठेकेदार विल्यम फेव्हिएल. सुमारे 25 किलोमीटरच्या अंतरात 1,831 फूट चढायचं, 25 बोगदे खणायचे, दऱ्यांवर पूल उभे करायचे. 1861मध्ये या एका घाटात 42,000च्या वर माणसं कामाला होती. काही ठिकाणी कड्यात सुरुंगाची भोकं पाडायला माणसांना दोराने खाली सोडावं लागे. त्या वेळचे दोर वनस्पतींच्या तंतूंचे. भिजले की फुगत, जड होत, गाठी सुटता सुटत नसत, आणि ओले राहिले की आतून कुजत. झटका बसला तर तो झेलण्याइतका ताण त्यांच्यात नसे. लटकलेल्या माणसाचा जीव या तंतूच्या गुणांवर अवलंबून होता.

पावसाने घाटाचं वेळापत्रकच ठरवलं. पावसाळा सुरू झाला की उघड्यावरचं काम बंद पडे आणि बोगद्यांमधलं तेवढं चालू राही. छपराखाली पाणी गळणाऱ्या झोपड्यांत, कॉलऱ्यात आणि तापात माणसं मेली. मृतांचा अंदाज काही अभ्यासक 25,000पर्यंत नेतात. मजुरीच्या थकबाकीवरून 1859च्या सुरुवातीला दंगा उसळला आणि त्याच वर्षी फेव्हिएलने काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका स्वतःकडे घेतला आणि तिच्या व्यवस्थापकांनी काम तडीस नेलं. एप्रिल 1863मध्ये घाट खुला झाला. आज डेक्कन क्वीनच्या खिडकीतून धबधबे पाहताना हाताशी चहा असतो. त्या बोगद्यांसाठी मेलेल्यांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत, याची मला प्रत्येक वेळी खंत वाटते.

ज्या ब्रिटनमधून हे अभियंते आले, तिथे तोवर पावसाविरुद्ध नवी युक्ती निघाली होती. ग्लासगोचे चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी 1823मध्ये एक एकस्व मिळवलं. डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवायचं, त्याचा थर दोन कापडांच्या मध्ये द्यायचा आणि दाबायचं. पाणी ठार बंद. पण हे रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. गंधक घालून रबर तापवण्याची, म्हणजे व्हल्कनायझेशनची, रीत अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना 1839मध्ये सापडली आणि इंग्लंडात टॉमस हॅनकॉक यांनी 1843मध्ये तिचं एकस्व घेण्यासाठी अर्ज केला. त्यानंतर रबर ताणून परत जागेवर येऊ लागलं, ऊनपाऊस सोसू लागलं. एक दोष मात्र तसाच राहिला. बाहेरचं पाणी आत येत नाही तसा आतला घामही बाहेर जात नाही. खुर्चीत बसून तपासणी करणाऱ्या साहेबाला तो कोट चालला. घण मारणारा मजूर त्यात तासाभरात आतून भिजला असता.

आपल्याकडे हे तंत्र स्वदेशीच्या वाटेने घरोघर आलं. सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920मध्ये कलकत्त्यात बेंगॉल वॉटरप्रूफचा उद्योग सुरू केला. त्याचं डकबॅक हे नाव पुढे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगावर चढलं. जूनमध्ये नव्या रेनकोटाचा रबरी वास आला की शाळा सुरू झाली असं समजायचं. तोवर लोणावळ्यातही पाऊस ही साठवण्याची वस्तू झाली होती. वळवणला 8 फेब्रुवारी 1911 रोजी टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली आणि 1915मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज वाहू लागली. धरणांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्यावर राबणाऱ्यांच्या पाठीवर मात्र जुनीच घोंगडी आणि जुनंच इरलं होतं.

शेतात खरा बदल केला तो प्लास्टिकने. पॉलिथिन 1933मध्ये इंग्लंडातल्या आय.सी.आय.च्या प्रयोगशाळेत अपघाताने सापडलं. 1960च्या दशकात ते मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात बनू लागलं आणि मग गावच्या बाजारात कागद या नावाने मीटरवर मिळू लागलं. इरल्याच्या जाळीत पळसाच्या पानांऐवजी हा कागद आला. पुढे जाळीही गेली आणि खताच्या पोत्याची किंवा कागदाची नुसती खोळ डोक्यावर आली. स्वस्त, हलकी, कुठेही मिळणारी. जुलैत पवन मावळात गेलं तर खाचरांमधून निळ्या-पिवळ्या खोळींच्या रांगा सरकताना दिसतात. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून 1987मध्ये बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ आज पुण्यामुंबईच्या ताटात आहे. त्याची रोपं लावणाऱ्या बाईच्या पाठीवर जे आहे ते वाऱ्याने फडफडतं, घाम कोंडतं आणि ऊब तर अजिबातच धरत नाही. चार अटींपैकी एक तेवढी पुरी झाली, बाकीच्या तीन हातच्या गेल्या. इरलं गेलं याचं मला वाईट वाटतं ते त्याच्या देखणेपणासाठी नाही. त्या कामासाठी त्याहून चांगली वस्तू अजून कोणी बनवून दिलेली नाही, म्हणून.

कृत्रिम तंतू मावळच्या दाराशी आला तो पिंपरीमार्गे. ड्यू पाँटच्या वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत 28 फेब्रुवारी 1935 रोजी नायलॉन तयार झालं होतं. तासगावहून आलेल्या, जुन्या मोटारींच्या व्यवसायातून वर आलेल्या आबासाहेब गरवारे यांनी पिंपरीला नायलॉनच्या सुताचा कारखाना काढला आणि 1976मध्ये दोरांचाही उद्योग उभा राहिला. सह्याद्रीत चढणाऱ्यांच्या दृष्टीने नायलॉन ही क्रांती होती. नायलॉनचा दोर ताणतो. माणूस कड्यावरून सुटला तर तो हळूहळू लांबतो आणि पडण्याचा झटका स्वतः पितो. कमरेला बसणारा हिसका सोसण्याजोगा राहतो. आत पिळदार गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण, अशी आजच्या दोराची रचना 1953मध्ये जर्मनीतल्या एडेलरिड कंपनीने आणली. खंडाळ्याच्या नागफणीवर, घाटातल्या त्याच कड्यांच्या शेजारी, पुढच्या पिढ्यांनी अशा दोरांवर जीव टाकला.

पण नायलॉनला पाणी आवडतं. भिजलेला दोर जड होतो, झटका झेलण्याची त्याची ताकद घटते. म्हणून त्याच्या तंतूंना पाणी झटकणारा लेप देऊ लागले. ताणणारा आणि पाणी नाकारणारा तंतू हवा, ही गरज आता दोर आणि कापड दोघांचीही झाली. ड्यू पाँटच्याच जोसेफ शिव्हर्स यांनी 1958मध्ये जो धागा बनवला, त्याला आपण लायक्रा म्हणतो. तो मूळ लांबीच्या पाचपट ताणूनही परत येतो, पण पाण्याशी त्याचं काही वैर नाही. उलट 1938मध्ये रॉय प्लंकेट यांना सापडलेलं टेफ्लॉन पाण्याला अंगाला लागू देत नाही, पण हट्टी. ताणायला गेलं की तुटतं. बॉब गोर ते तापवून हळूहळू ताणत होते आणि ते तुटत होतं. 1969च्या ऑक्टोबरात वैतागून त्यांनी एक कांडी जोरात हिसकली आणि ती तुटण्याऐवजी लांबच लांब झाली. हिसक्याने आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या तयार झाल्या होत्या. पाण्याचा थेंब शिरू शकणार नाही इतक्या बारीक, आणि वाफेचे रेणू सहज निघून जातील इतक्या मोठ्या. गोर-टेक्स ते हेच. घोंगडीच्या केसात ज्या दोन गोष्टी एकत्र होत्या, थेंब अडवणं आणि वाफ जाऊ देणं, त्या रसायनशाळेत प्रथमच एकत्र आल्या.

तरी ताणाची अडचण उरलीच. त्यासाठी ताणू शकणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पडद्यांकडे कंपन्या वळल्या. विजेच्या प्रबळ क्षेत्रात द्रावणाची धार खेचून केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक तंतू काढायची रीत जुनीच आहे, तिचं एक महत्त्वाचं एकस्व 1934 सालचं. त्या तंतूंची जाळी कापडावर चढवली की ते ताणतं, श्वास घेतं आणि पाणीही अडवतं. आज शनिवार-रविवारी राजमाचीच्या वाटेवर निघालेल्या तरुणांच्या अंगावर जी हलकी, अंगाबरोबर वाकणारी जाकिटं दिसतात, त्यातल्या भारीतल्या जाकिटांत हे तंत्र आहे.

पाणी घरंगळावं म्हणून या जाकिटांच्या बाहेर जो लेप असे, त्याची किंमत मात्र फार उशिरा कळली. त्या लेपातली लांब साखळीची फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठून राहतात. त्यांपैकी पी.एफ.ओ.ए. या रसायनावर 2019मध्ये स्टॉकहोम करारान्वये जगभर बंधनं आली. आता फ्लोरिन सोडून मेण, सिलिकॉन, स्निग्ध आम्लं यांच्याकडे संशोधन वळलं आहे. अळवावरचं पाणी आपण क्षणभंगुरतेसाठी म्हणत आलो. जर्मनीतले विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी 1997मध्ये कमळाबरोबर अळवाचंही पान सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासून दाखवलं की त्यावरच्या बारीक उंचवट्यांमुळे आणि मेणामुळे थेंब पानाला जवळपास टेकतच नाही. फ्लोरिनशिवाय हे जमतं याचा पुरावा मावळातल्या प्रत्येक परसात, ओढ्याकडेला उगवतो आहे.

आणि ज्या केसावर स्निग्ध आम्ल निसर्गानेच जोडून दिलं आहे, त्याचं काय चाललं आहे? दख्खनी मेंढीची लोकर आज धनगराला परवडत नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर रानातच टाकून देतात. मांसासाठी जतकडची माडग्याळ मेंढी कळपात वाढली; तिच्या अंगावर विणण्याजोगी लोकर नाही. घोंगडी उरली ती जेजुरीच्या, बिरोबाच्या देवकार्यात आणि शहरातल्या हौसेच्या दुकानांत.

कापडावर कृत्रिम पाऊस पाडून ते किती पाणी धरतं आणि किती झटकतं हे मोजायची ब्युंडेसमन नावाची चाचणी 1930च्या दशकापासून कापडउद्योगात रुळली आहे. इचलकरंजीत डी.के.टी.ई.सारखी वस्त्र-अभियांत्रिकीची संस्था आहे आणि तिथून जवळच पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत घोंगड्या विकल्या जातात. खळीची नवी घोंगडी, वापरलेली घोंगडी, मेणाचा हलका हात दिलेली घोंगडी, पळसाच्या पानांचं इरलं आणि बाजारातला प्लास्टिकचा कागद हे पाचही नमुने एकाच पावसाखाली ठेवायला हवेत. त्यांचं वजन, ऊब आणि आतली वाफ मोजायला हवी. आणि ते आकडे वडगावच्या भात केंद्रात, लावणी करणाऱ्या बायकांसमोर ठेवायला हवेत. पुढचं इरलं कसं असावं, कुठे रुंद आणि कुठे आखूड, कशाने मढवलेलं, हे ठरवायचा पहिला हक्क त्यांचा आहे.